तुला काय झालंय?

लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो: "काय रे, तुला काय झालंय?" विचारणारा बहुधा कुबडी टेकून उभा असतो. ज्याला विचारलं तो विशीतला, कानात इअरफोन, हातपाय धडधाकट. पोरगा इअरफोन काढतो, सॅक पुढे घेतो, आतल्या कप्प्यातून प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड काढून समोर धरतो. विचारणारा ते जरा लांब धरून वाचतो, मान हलवतो. तोवर सगळा डबा पोराकडे बघत असतो. मग एकेक नजर खिडकीबाहेर वळते. सॉरी वगैरे कोणी म्हणत नाही.

यात कुबडीवाल्याला दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. गर्दीच्या वेळी त्या एवढ्याशा डब्यात धडधाकट माणसं खरोखरच घुसतात. जनरलला लटकण्यापेक्षा दंड भरलेला परवडला, असा त्यांचा रोखठोक हिशेब. रोज हे सोसणाऱ्याला संशय येणारच.

पण दुखणं बाहेरून दिसलंच पाहिजे, असं थोडंच आहे? १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते एकवीस झाले. त्यात रक्ताचे आजारही आले: थॅलेसेमिया आला, हिमोफिलिया आला, आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडचा सिकलसेलही आला. थॅलेसेमियाच्या पोराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तारीख जवळ आली की पुलाचा जिना चढताना तो दोनदा थांबतो. बसला की मात्र तुमच्या-माझ्यासारखाच. हिमोफिलियात गुडघ्याच्या आत रक्त साकळतं, ते पँटवरून काय कळणार? शिवाय या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांनाही मुभा आहे. केमोसाठी परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात निघालेल्या बाईचे केस अजून शाबूत असू शकतात. तिसऱ्या महिन्यात पोट दिसत नाही, उलट्या मात्र तेव्हाच जोरात असतात.

डोळे वटारण्यातली खरी गोम वेगळीच आहे. वटारलेले डोळे लागतात ते नको त्यालाच. निर्ढावलेला घुसखोर ढिम्म बसून मोबाइलवर रील बघतो, आवाजही कमी करत नाही. उठतो तो खरा आजारी, कारण भर डब्यात आपल्या रक्ताची कथा सांगण्यापेक्षा पुढच्या स्टेशनापर्यंत दांड्याला धरून उभं राहणं त्याला सोपं वाटतं. म्हणजे शिक्षा झाली, फक्त माणूस चुकला. त्यामानाने सरळ विचारणारा परवडला. प्रश्नाला कार्ड दाखवता येतं, नुसत्या बघण्याला काय दाखवणार?

इंग्लंडात गॅटविक विमानतळावर २०१६पासून न दिसणारं दुखणं असलेल्या लोकांना सूर्यफुलाची चित्रं असलेली हिरवी फीत गळ्यात घालायला मिळते. आता ती बऱ्याच देशांत पोचलीय. न बोलता काम भागतं, हे खरंच. तरी मला ते थोडं खटकतं. आपल्या समाधानासाठी दुसऱ्याने आपलं दुखणं गळ्यात अडकवून का हिंडावं? पण ही फीत हवी की नको, ते घालणाऱ्याने ठरवावं. मी कोण सांगणारा?

कार्ड तपासणं हे खरं तर टीसीचं आणि आरपीएफचं काम. ते रोज दिसत नाहीत म्हणून प्रवाशांना पोलीस व्हावं लागतं, आणि प्रवाशांमधला पोलीस लवकर तापतो. या डब्यातल्या जुन्या माणसांपैकी काहींनी मात्र आपापली रीत बसवली आहे. ते दारातून ओरडत नाहीत. शेजारी जाऊन टेकतात, "कुठे उतरणार?" म्हणून सुरुवात करतात, आणि समोरचा परळ म्हणाला की पुढचं काहीच विचारत नाहीत.