कागदी चर्चची नळी अंबडमध्ये वळताना

सकाळी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये ओलावा मोजला, तेव्हा खांबासाठी वळलेल्या कागदी नळीच्या मध्यावर ८ टक्के होता आणि कापलेल्या टोकाला ११. नळी वाळून तयार झालेली, पावसात एकदाही न गेलेली. जुलैतल्या नाशिकच्या हवेनंच ती टोकाकडून ओलावा ओढत होती. कागदाचा ओलावा एक टक्का वाढला, की दाब सोसायची ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते, असा ढोबळ हिशेब आम्ही धरतो. म्हणजे टोकाची ताकद मधल्या भागापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं कमी. आणि खांबाचा सगळा भार तर टोकातूनच उतरतो.

आपत्तीनंतर चटकन उभारता येईल अशा छोट्या सभागृहाचा नमुना करायचा होता. डोळ्यांसमोर न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचं कागदी कॅथेड्रल होतं. ते मी आत-बाहेर हिंडून पाहिलेलं. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसं गेली, चौकातल्या दगडी कॅथेड्रलचा मनोरा कोसळला. त्याला तात्पुरता पर्याय म्हणून शिगेरू बान या जपानी वास्तुविशारदानं मानधन न घेता हे आखून दिलं, आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते खुलं झालं. सुमारे ७०० माणसं बसतात. दोन्ही बाजूंना मालवाहू कंटेनर, त्यांच्यावरून तिरक्या चढत जाऊन माथ्यावर भेटणाऱ्या ६०० मिमी व्यासाच्या नळ्या. दोन नळ्यांमध्ये जेमतेम ५० मिमी फट, तिच्यातून उजेड झिरपतो. आत उभं राहिलं की मान आपोआप वर जाते.

पण तिथला कागद एकटा भार घेत नाही, हे सांगितलंच पाहिजे. पुरेशा जाड नळ्या तिथल्या कारखान्यांना वळता येईनात आणि बाहेरून आणायच्या नव्हत्या, म्हणून नळ्यांच्या आत थरांच्या लाकडाच्या तुळया घातल्या. ती लबाडी नव्हे. हाताशी काय आहे ते पाहून घेतलेला निर्णय आहे. खरे कागदी खांब बान यांनी त्याआधी जपानात कोबेला उभे केले होते. जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर ताकातोरीच्या जळालेल्या चर्चच्या जागी ५८ नळ्या: व्यास ३२५ मिमी, जाडी १५ मिमी, उंची ५ मीटर. स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत काम पुरं केलं. दहा वर्षांनी ते उतरवून तैवानला नेलं आणि तिथं पुन्हा उभारलं.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न साधा होता: या यंत्रावर किती जाड नळी निघते?

"दीडशे व्यास, दहाची जाडी. त्याच्यापुढं पट्टा घसरतो, सर," ऑपरेटर म्हणाला.

अर्धा मिमी जाडीच्या क्राफ्ट कागदाच्या, म्हणजे चिवट तपकिरी कागदाच्या, २० पट्ट्या गोंदातून निघून लोखंडी दांड्यावर तिरक्या चढतात. एका थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येता कामा नये. आला तर नळी त्याच रेषेत उकलते. ताजी नळी गोंदाच्या पाण्यानं जड असते. ती दोनच आधारांवर आडवी टाकली तर वाळता वाळता बाक धरते आणि तो पुढं जात नाही. दर मीटरला आधार देऊन रोज पाव फेरा फिरवायची.

चाचणीसाठी ३०० मिमीचे तुकडे कापले. पहिला वाया गेला, कारण टोक काटकोनात नव्हतं. एकच कड चेपली गेली. नीट कापलेल्या कोरड्या तुकड्यानं भार छान घेतला आणि टोकाजवळ घडी पडून तो बसला. मग आदल्या संध्याकाळी २० मिमी पाण्यात उभे केलेले दोन तुकडे काढले. एक बिनरंगाचा, दुसऱ्याला बाहेरून पॉलियुरेथेन या पाणी रोखणाऱ्या रंगाचे दोन हात. दोन्हींची टोकं सारखीच फुगलेली, थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटलेले. पाणी बाहेरच्या अंगानं शिरलंच नव्हतं. कापलेल्या कडेतून थराथरांमधून ते वर चढलं होतं. क्राइस्टचर्चच्या नळ्यांवर पॉलियुरेथेन आहेच, शिवाय वर पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे उजेड आत येऊ देणाऱ्या प्लास्टिकचं, छप्पर आहे. पायथ्याचे कंटेनर पाहताना मला ती फक्त भिंत वाटली होती. नळी जमिनीपासून उचलून धरण्याचं कामही ते करतात, हे त्या फुगलेल्या टोकाकडे बघताना नीट उमगलं.

जोडाचंही तसंच. नुसत्या भिंतीतून बोल्ट घातला की भोक हळूहळू लांबट होतं आणि सांधा खेळायला लागतो. टोकात नळीच्या व्यासाच्या दुप्पट लांबीचा घट्ट लाकडी ठोकळा सरसानं बसवायचा, बोल्ट त्यातून न्यायचा. कागद कायमच्या ओझ्याखाली सावकाश दबत राहतो, म्हणून कायमचा भार चाचणीत मिळालेल्या ताकदीच्या पाचव्या भागाच्या आत ठेवतो.

छपरासाठी बांबू घ्यायचं ठरलं. २००१ च्या भूकंपानंतर भूजमध्ये बान यांच्याच कागदी घरांना चिरलेल्या बांबूचं छत आणि पडक्या घरांच्या डबराचा पाया होता. आपल्याकडे बांबू बांधणारे हात तयार आहेत.

दुपारी मालकांनी लगेच रंगाचे डबे काढायला सांगितलं. मी थांबवलं. ओल्या नळीवर रंग चढवला तर आतलं पाणी आतच कोंडतं आणि थर सुटतात. २४ नळ्या पंख्याखाली मांडल्या, प्रत्येकीवर खडूनं टोकाचा आणि मध्याचा आकडा लिहिला. दोन्हीकडे ८ आल्यावर आधी टोकं रंगात बुडवून काढायची, मग अंगाला हात द्यायचा.