मेणवलीच्या घाटावर १ जानेवारीची डुबकी

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून गार पाण्यात उतरायची रीत परदेशात चांगलीच रुजली आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ऐन हिवाळ्यात समुद्रात उतरणाऱ्यांचा क्लब १९०३ पासून आहे. व्हँकुव्हरला १९२० पासून लोक १ जानेवारीला समुद्रात जातात. नेदरलँड्समध्ये स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर तर हजारो माणसं नारिंगी टोप्या घालून एकदम पाण्यात धावतात. आपल्याकडे माघस्नानासाठी भल्या पहाटे नदीवर जाणारी माणसं होतीच, आणि उतरायला दगडी घाटही पूर्वजांनी बांधून ठेवलेत. म्हणून आम्ही साताऱ्यातल्या पोहणाऱ्या मंडळींनी ठरवलं की थर्टीफर्स्टला लवकर झोपायचं आणि पहाटे मेणवली गाठायची.

मेणवलीच का? वाईचा गणपती घाट सगळ्यांना माहीत आहे, पण तिथं वर्दळ फार. मेणवली वाईच्या वरच्या अंगाला, तीनेक किलोमीटरवर. गावाचं सांडपाणी मिसळायच्या आधीची कृष्णा इथं मिळते. नाना फडणवीसांचा वाडा, मागे नदीला लागून अर्धचंद्राकार घाट, काठावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेतली मोठी घंटा इथं टांगलेली आहे, तिच्यावर १७०७ साल आहे. डुबकी नाही मारली तरी एवढ्यासाठीसुद्धा जावं. पोहायला शिकवायला आणि पाण्याशी ओळख करून द्यायला घाटासारखी दुसरी जागा नाही, हे माझं ठाम मत आहे. पायरीपायरीनं खोली वाढते, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या धीराची पायरी सापडते.

साताऱ्याहून हायवेनं पाचवडपर्यंत, तिथून आत वळून वाई, आणि वाईतून धोमच्या रस्त्याला मेणवली. एवढ्या पहाटे तासाभरात पोचतो. पुण्याकडून येणाऱ्यांनी सुरूर फाट्याला वळावं. घाटाजवळ गाड्या लावायला फार जागा नाही, आणि सहा वाजता गाव अजून जागं होत असतं. हॉर्न आणि गाणी बंद.

आम्ही पोचलो तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं. मोबाईलवर हवा ११ अंश दाखवत होती. नदीवर वाफ तरंगत होती. आमच्यातल्या एकीनं मत्स्यटाकीचा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडला, तो १९ वर थांबला. ‘हे तर काहीच नाही’ असं एक कॉलेजकुमार म्हणाला आणि बनियन काढून धावायच्या तयारीत आला. आमच्यातले सगळ्यात जुने पोहणारे काका, सत्तरी ओलांडलेले, त्यांनी त्याचा दंड धरला. ‘उडी नाही मारायची, बाळा. आधी तोंडावर पाणी मार, मग मानेवर. मग पायरीनं जा. आणि श्वास सोडत जा, घेत नको जाऊस.’

काकांचं हे सांगणं वैद्यकशास्त्राला धरून आहे. गार पाणी अंगाला अचानक लागलं की माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो, मग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुफ्फुसात. पट्टीचे पोहणारेही यातच सापडतात. पाणी जितकं गार तितका हा धक्का मोठा, पण त्यासाठी बर्फच लागतं असं नाही. पांघरुणातून उठून आलेल्या अंगाला १९ अंशही पुरतात. दिलासा एवढाच की दोन-तीन मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो. तेवढा वेळ कमरेइतक्या पाण्यात उभं राहून नुसता श्वास सांभाळायचा.

तसंच केलं. गोल करून, एकमेकांचे हात धरून उतरलो. घोट्यापर्यंत सगळे बोलत होते, गुडघ्यापर्यंत हसणं सुरू झालं, आणि पाणी बेंबीला लागलं तसा सगळ्यांच्या तोंडून एकच ‘हुऽऽऽ’ निघाला. काका मोठ्यानं आकडे मोजत होते, आम्ही प्रत्येक आकड्याला फुंकर मारल्यासारखा श्वास सोडत होतो. मघाचा तो कॉलेजकुमार डोळे मिटून सगळ्यात मन लावून मोजत होता. श्वास ताळ्यावर आल्यावर ‘कृष्णामाई की जय’ म्हणून एकदम डुबकी! वर आल्यावर अंगाला ज्या झिणझिण्या येतात त्या शब्दांत सांगणं अवघड आहे. मुलं, सासू-सुना, निवृत्त मास्तर, सगळे ओलेचिंब होऊन एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होते. असा १ जानेवारी मी आजवर पाहिला नव्हता.

आता जाणाऱ्यांसाठी. पाण्याखालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि गाळही बसलेला असतो, त्यामुळे मागे पट्टा असलेले रबरी सँडल घालूनच उतरा. अनवाणी नको. वर जवळच धोम धरण आहे, किती पाणी सोडलंय त्यावर पातळी आणि ओढ ठरते. आदल्या दिवशी गावात चौकशी करा, आणि पाणी चढतंय किंवा ओढ जाणवतेय असं वाटलं तर काठावरूनच नमस्कार करून परत फिरा. आम्ही हवा भरलेली ट्रकची ट्यूब लांब दोर बांधून आणली होती आणि दोघं जण पूर्ण कपड्यांत काठावर नुसते लक्ष ठेवून होते. ही दोन माणसं आधीच नेमा, नाहीतर ऐनवेळी सगळेच पाण्यात जातात.

हृदयविकार, रक्तदाब, फिट येण्याचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. रात्री घेतलेली असेल त्यानं तर पाण्याकडे फिरकूच नये. दारूनं अंगातली ऊब लवकर निघून जाते आणि अंदाजही चुकतो.

बाहेर आल्यावरचा वेळ लोक हलक्यात घेतात. शरीर आतून आणखी थोडा वेळ गार होतच राहतं, म्हणून खरी हुडहुडी दहा-पंधरा मिनिटांनी भरते. लगेच ओले कपडे काढा, अंग कोरडं करा, कानटोपी आणि स्वेटर चढवा. बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. आम्ही जुनी नऊवारी नेली होती, चौघींनी चार बाजूंनी धरली की झाली खोली. मोटरसायकलवर आलेल्यांनी कापरं थांबेपर्यंत किक मारायची नाही, थरथरत्या हातांनी ब्रेक नीट लागत नाही.

थर्मासमधून हुलग्याचं माडगं नेलं होतं, वर तिळाची चटणी आणि बाजरीची भाकरी. चहापेक्षा माडगं कितीतरी सरस, पोटात गेल्या गेल्या ऊब धरतं.

घाटावर साबण, शांपू काही वापरू नका. गावातली माणसं पूजेला येतात, त्यांना आधी जागा द्या. पाण्यातल्या बायका-मुलींचे व्हिडिओ काढायचे नाहीत, हे आम्ही निघतानाच सगळ्यांना बजावलं होतं.

सांगलीकडच्या मित्रांना मात्र वेगळं सांगणं आहे. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि हिवाळ्यात त्या उन्हाला काठावर येऊन पडतात. माणसांवर हल्लेही झाले आहेत. आमचं वाचून तिथल्या एखाद्या सुनसान काठावर पहाटे उतरू नका. रोजच्या पोहणाऱ्यांच्या घाटावर, त्यांना विचारून, चांगलं उजाडल्यावरच जा, नाहीतर सरळ मेणवलीला या.

आणि दहाच्या आत वाई सोडा. त्यानंतर महाबळेश्वर-पाचगणीच्या गाड्यांनी पसरणी घाट आणि वाईचे रस्ते तुंबतात.