घोळ होतो आणि निस्तरतोही

आज डोकं पार शिणलं होतं. बातम्या बंद केल्या आणि जुनी विनोदी मालिका लावली. संवाद पाठ आहेत, तरी हसू आलंच. इथे फजिती होते, पण कुणाचा पाणउतारा होत नाही. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वगळल्या की जेमतेम 22 मिनिटं उरतात, तेवढ्यात घोळ होतो आणि निस्तरतोही. (यंत्रातला हशा, म्हणजे प्रेक्षकांच्या हसण्याचं मागाहून जोडलेलं ध्वनिमुद्रण, मात्र मला खटकतो. 1950 च्या दशकात चार्ली डग्लस या अमेरिकी ध्वनितंत्रज्ञाने ती सोय केली.) खरी गंमत प्रेक्षकांसमोर चित्रित झालेल्या भागांत. हशा लांबला की नट थांबतात, ओठ दाबतात, कधी स्वतःच फुटतात! त्यांनाही मजा येतेय हे दिसलं की आपणही त्यांच्या टोळीतले. तो आगाऊ शेजारी दार न वाजवता घुसणार, हे कळताच मी आधीच हसायला लागते.