दिसणारा दगड आणि कुजलेली फळी

माउंटन बाइकच्या ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या सायकलच्या वाटेवर, कुणी जबर पडलं की दुसऱ्या दिवशी वाद ठरलेला: चूक कुणाची? काही जण म्हणतात, माउंटन बाइकिंग आहे, पडायचंच. काही जण म्हणतात, ट्रेलवाल्यांकडून भरपाई घ्या. त्याआधी एक साधा प्रश्न विचारावा. ज्यामुळे तो पडला, ते त्याला दिसत होतं का?

दगड, मुळं, ओली माती, तीव्र उतार हे धोके खेळातच धरलेले आहेत. ते काढले तर ट्रेल उरतच नाही. पण लाकडी पुलाची फळी वरून धड आणि खालून कुजलेली असेल, तर ती जोखीम रायडरने पत्करली असं कसं म्हणणार? इंग्लंडचा 1957 चा ऑक्युपायर्स लायबिलिटी कायदा साधारण याच रेषेवर चालतो. आलेल्या माणसाने जे धोके आपणहून स्वीकारले त्यांचा भार जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर नाही, बाकी बाबतीत वाजवी काळजी त्याने घ्यायलाच हवी. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मोफत वापरू देणाऱ्या जमीनमालकाला बरंच संरक्षण मिळतं, पण प्रवेशाचे पैसे घेतले की ते सहसा जातं. जाणूनबुजून धोका लपवला तरीही जातं. न्यूझीलंडमध्ये 1974 पासून अपघाताची भरपाई सरकारी योजनेतून मिळते, त्यामुळे दुखापतीच्या भरपाईसाठी एकमेकांवर दावे लावण्याचा मार्ग जवळपास बंदच आहे.

‘इजा झाली तर तुम्हाला जबाबदार धरणार नाही’ असं लिहून सही केलेल्या माफीपत्रावर दोन्ही बाजूंचा नको इतका भरवसा असतो. ब्रिटनमध्ये धंदा चालवणाऱ्याला स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा इजेची जबाबदारी कागदावर लिहून झटकता येत नाही. कॅलिफोर्नियात 2007 च्या निकालानंतर घोर निष्काळजीपणा माफीपत्राच्या बाहेर राहिला. मुलाच्या वतीने पालकाने केलेली सही तर अनेक ठिकाणी न्यायालय मोजतच नाही.

सगळ्यात जास्त घोळ जंपवर होतो, म्हणून त्याचं गणित मांडतो. रायडर सेकंदाला 8 मीटर वेगाने, 30 अंशांत खाली येतोय असं धरा. लँडिंग, म्हणजे उतरायची जागा, सपाट असेल तर जमिनीला लंब दिशेचा वेग 4 मीटर होतो, म्हणजे साधारण 80 सेंटिमीटर उंचीवरून सरळ आपटल्यासारखं. लँडिंगचा उतार 25 अंश असेल तर तोच वेग 0.7 मीटर राहतो आणि आपटण्याची उंची होते अडीच सेंटिमीटर. उडी तीच, रायडर तोच. म्हणजे जंप किती उंच आहे यापेक्षा रायडर उतारावर पडतो की उतार संपल्यावर सपाटीवर, हे बघावं लागतं. म्हणूनच टेकऑफच्या (उडी घेण्याच्या उंचवट्याच्या) आधी ब्रेकिंगने पडलेले खड्डे वाईट: कुणी तिथे वेग कमी करतो आणि लँडिंगच्या अलीकडेच पडतो, कुणी भिऊन जास्त पेडल मारतो आणि लँडिंग ओलांडून जातो. आणखी एक घोटाळा डागडुजीतून होतो. झिजलेल्या टेकऑफवर फावड्याने माती चढवताना शेवटच्या अर्ध्या मीटरला नकळत वरच्या दिशेला जादा वळण येतं. ते मागचं चाक वर फेकतं, पुढचं चाक खाली जातं आणि रायडर हँडलबारवरून पलीकडे. दुरुस्तीनंतर कडेला टेम्प्लेट (ठरलेल्या आकाराचा साचा) लावून वळण तपासलं तर हे टळतं.

आंधळ्या वळणाचंही असंच. ताशी 30 किलोमीटर वेगात दीड सेकंदाच्या प्रतिक्रियेत साडेबारा मीटर जातात. ढिल्या मातीत घर्षण गुणांक 0.4 धरला तर सपाटीवर थांबायला आणखी 9 मीटर, 10 टक्के उतारावर 12. म्हणजे 25 मीटर पुढचं दिसत नसेल तर तो वेग जास्त आहे. बांधणाऱ्याने तिथे झुडपं छाटावीत किंवा आधीच चढाचा तुकडा टाकून वेग मारावा.

अवघडपणाच्या खुणांना लोक शोभेच्या समजतात. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनच्या पद्धतीत टाळता न येणारा अडथळा हिरव्या (सोप्या) ट्रेलवर 2 इंच, निळ्यावर (मध्यम) 8 आणि काळ्यावर (अवघड) 15 इंचांपर्यंत चालतो. निळी पाटी लावून मध्येच 15 इंचांची पायरी ठेवली, तर ती पाटीच बांधणाऱ्याविरुद्धचा पुरावा ठरते. पाटी जिथे वाट बदलता येते तिथे हवी, ड्रॉपच्या (उभ्या पायरीच्या) कडेवर लावून उपयोग नाही. आणि ट्रेलच्या तोंडाशीच एक अवघड पण हळू पार करायचा अडथळा ठेवला, तर ज्याला तो जमत नाही तो तिथूनच परत फिरतो.

तपासणीची वही ठेवा, पण नीट: तारीख, काय दिसलं, काय केलं, कधी केलं. ‘फळी हलते’ एवढं लिहून महिनाभर काहीच केलं नाही, तर तीच वही सांगते की तुम्हाला सगळं माहीत होतं. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर त्याच दिवशी वाट बंद करा. मात्र आडवी तार किंवा दोरी बांधून नव्हे, ती वेगात दिसत नाही. ओंडके आणि पाटी, तेही सरळ, लांबून दिसणाऱ्या तुकड्यावर.

रायडरच्या पदरातही बरंच आहे. स्टेमचे (हँडलबार धरून ठेवणाऱ्या भागाचे) बोल्ट टॉर्क पान्याने, भागावर लिहिलेल्या आकड्याइतकेच घट्ट करा. बऱ्याचदा तो 5 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. हँडलबारच्या टोकांचे प्लग ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण प्लग नसलेली उघडी नळी पोटात घुसते. हँडलबार पोटावर लागला आणि बाहेर फक्त लालसर गोल डाग दिसला, तरी यकृत किंवा प्लीहेला इजा असू शकते आणि लक्षणं काही तासांनी येतात. त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

अपघात झालाच तर आधी एकाला वरच्या बाजूला 50 मीटर पाठवून येणारे रायडर थांबवा. मान दुखत असेल किंवा हातपाय बधिर झाले असतील तर हलवू नका. मग फोटो: पडण्याची जागा, तिकडे येणारी वाट, शेवटची पाटी, आणि मोजपट्टी किंवा पंप शेजारी ठेवून अडथळा. जीपीएसची फाइल जपून ठेवा. तुटलेला भाग दुकानात बदलायला देताना जुना परत मागून घ्या. फुटलेलं हेल्मेट पुन्हा डोक्यावर घालायचं नाही, पण फेकूही नका. नाव आणि तारखेची चिठ्ठी लावून पिशवीत बंद करून ठेवा.