वाऱ्याची मेहरबानी

झोप येत नाहीये. सगळं एका वाक्यापायी. 'वाऱ्यानं मेहरबानी केली तुझ्यावर,' असं रायफल रेंजवर माझे गुण लिहिणारा जोडीदार, तो म्हातारा, हसत म्हणाला आणि माझ्या कार्डावर व्ही, म्हणजे अगदी मधला नेम, लिहून मोकळा झाला.

कसली डोंबलाची मेहरबानी! इंग्लंडमधल्या बिस्लीची स्टिकलडाउन रेंज, हजार यार्ड. गोळीला पोचायला दीडेक सेकंद लागतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला तर तेवढ्यात ती दोन मीटरहून जास्त सरकते, आणि बुल, म्हणजे टार्गेटचं मधलं वर्तुळ, आहे 24 इंचांचा. अंदाज दीड-दोन मैलांनी हुकला की गोळी बाहेर. तिथे मधल्या झेंड्यानं मान टाकलेली मी पाहिली. इतका वेळ स्कोपमध्ये डावीकडून उजवीकडे वाहणारं मिराज, म्हणजे तापलेल्या हवेच्या लहरी, उभं राहून उकळायला लागलं, म्हणजे वारा पडला, तेही पाहिलं. वाऱ्यासाठी सायटवर डावीकडे पाच मिनिटं लावलेली होती (कोनातली, घड्याळातली नव्हेत), त्यातली तीन काढली. सगळी काढली नाहीत, कारण जवळचा झेंडा अजून अर्धा उचललेला होता, आणि जवळच्या वाऱ्यानं दिलेला धक्का गोळीला शेवटपर्यंत भोवतो. हा सगळा हिशोब पडल्या पडल्या केला. टार्गेट खाली गेलं, वर आलं, गोळी कुठे लागली ते दाखवणारी चकती मधोमध.

आणि म्हणे मेहरबानी.

दुसऱ्या कुणी मारला असता तर 'छान वाचलास' म्हणाला असता का? त्या लाइनवर माझ्यासारखी दिसणारी मी एकटीच... जाऊ दे, तो विषय आज नको. आईचा फोनही उचलला नाही. ते वेगळंच.

मी वाढले दहा मीटरच्या एअर रायफलवर, बंद हॉलमध्ये. वारा तिथे विषयच नाही. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून मारायच्या प्रकारात) जगज्जेती झाली तेव्हा कोल्हापुरात आम्ही पेढे वाटले. पण तिनं नेमाइतकाच वाराही सांभाळला असणार, पॉइंट टू-टूची इवलीशी गोळी 50 मीटरवरसुद्धा ढकलली जाते, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, श्वास रोखला, ट्रिगर हळू दाबला की झालं. आता इथे, वयाच्या या टप्प्यावर, झेंड्यांकडे बघत गवतात पडायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं.

पण खरं सांगायचं तर टोचतंय ते त्याचं बोलणं नाही. ते खोटं आहे हे मला सिद्ध करता येत नाही, ते टोचतंय. वाटेत गोळी नजरेच्या रेषेच्या तीन-चार मीटर वरून जाते. तिथं त्या दीड सेकंदात वारा काय करत होता ते कुठल्या झेंड्यानं सांगितलं? मी एक मिनिट जास्त काढलं असेल आणि ट्रिगर दाबताना रायफल नेमकी उलट्या बाजूला हलली असेल, तरी भोक मधोमधच पडणार. कागद दोन्ही गोष्टी सारख्याच दाखवतो.

मघाशी उठून दोघांचे शॉट पुन्हा पाहिले. त्याचे मीच लिहिले होते. सायटर्स, म्हणजे सुरुवातीचे चाचणीचे शॉट, झाल्यावर पठ्ठ्यानं सायटच्या नॉबला जवळपास हातच लावला नाही! नियमाप्रमाणे शॉटला 45 सेकंद मिळतात, हा त्यातली चाळीस खातो. आपल्या ओळखीचा वारा परत येईपर्यंत मांजरासारखा दबा धरून पडायचं, आला की मारायचा. मिराज उकळत असताना तर तो ट्रिगरला बोटही लावत नाही. मी नेमका तेव्हाच मारला, म्हणून त्याला ते नशीब वाटलं असणार.

बरं, मग त्याचं तरी काय? वारा परत येईल म्हणून वाट बघायची, ही मेहरबानीच की, फक्त रांगेत उभं राहून मागितलेली. एकदा वारा वेळेत आलाच नाही, चाळिसाव्या सेकंदाला घाईत मारला आणि मॅगपाय, म्हणजे तीनच गुणांचा, गेला. तेव्हा मी वाऱ्याचं नावही काढलं नाही. निमूट 3 लिहिले.

शनिवारी टीम शूट आहे आणि त्याची विंड कोच मी आहे. त्यानंच माझं नाव सुचवलंय, हेही खरंच. तो डोळा सायटला लावून पडणार, स्कोपमधून वारा मी बघणार, नॉब मी फिरवणार, 'मार' म्हणणार तेही मीच. वाट बघू देणार नाही. निदान चाळीस सेकंद तरी नाहीच.