दुपारी तीनची फट

आमच्या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनासाठी शुक्रवारी सकाळी आठला टेंपोतून रूळ बसवलेल्या फळ्या उतरल्या, पण पहिले दोन तास रुळांना कुणी हातही लावला नाही. हॉलची फरशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३० मिलिमीटर उतरती निघाली. एवढ्या लांबीवर स्पिरिट लेव्हलच्या भरवशावर राहता येत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी धरून दोन्ही टोकांच्या खुणा केल्या आणि पायांचे बोल्ट फिरवत सगळ्या फळ्या पातळीत आणल्या. रुळाचा माथा जमिनीपासून १०५० मिलिमीटरवर ठेवला. त्याहून वर नेला तर पोरं कडेला लोंबकळतात, खाली घेतला तर मोठ्यांना गाडीची नुसती छपरं दिसतात.

एकूण फळ्या २६. एकेरी मार्गाच्या १८, प्रत्येकी १२०० बाय ६०० मिलिमीटर. आणि दोन्ही टोकांना वळसा घेऊन गाडी परत फिरावी म्हणून चार-चार मोठ्या फळ्यांचे दोन लूप. वळणाची त्रिज्या ७५० मिलिमीटर. एलएचबी डबा (हल्लीच्या एक्सप्रेस गाड्यांचा) खरा साडेतेवीस मीटरचा, आमच्या १:८७ या मापात तो सुमारे २७० मिलिमीटर होतो, आणि एवढा लांब डबा ६०० च्या आतल्या वळणावर घातला की कपलिंग आतल्या बाजूला ओढ घेऊन डबा रुळावरून उतरवतं.

विजेची बाजू माझ्याकडे होती. सगळ्या फळ्यांखालून २.५ चौरस मिलिमीटरची लाल-काळी मुख्य तार नेली आणि प्रत्येक फळीला स्वतःचे फीडर, म्हणजे मुख्य तारेपासून रुळांपर्यंतच्या जोडतारा, दिले. विजेसाठी रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबायचं नाही; त्या आज चालतात, उद्या आतून काळ्या पडतात. मग नाण्याची परीक्षा. पाच रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टाकायचं आणि बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा खोका) झटक्यात बंद पडतो का ते पाहायचं. जिथे बंद पडत नाही, तिथे तार बारीक आहे किंवा डाख कच्चा आहे, आणि खरा शॉर्ट झाला की तिथे धूर निघणार. आमच्या २६ पैकी दोन फळ्या नापास झाल्या. दोन्हीकडे डाख वरून चकचकीत आणि आतून थंड होता.

संध्याकाळी पाहुण्यांची इंजिनं आली. डीसीसी म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला त्याच्या पत्त्यावर वेगळा हुकूम देणारी डिजिटल पद्धत. तिचं नवं इंजिन कारखान्यातून पत्ता ३ घेऊन येतं. तो न बदलता तिघांनी आपापलं इंजिन रुळावर ठेवलं आणि एकानं वेग दिला, तर तिन्ही निघाली. म्हणून दाराशीच एक वेगळा रूळ ठेवून प्रत्येकाला इंजिनाच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे पत्ता म्हणून दिले. चाकांचं अंतर तिथंच तपासलं: दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये साधारण १४.४ मिलिमीटर हवेत. कमी असतील तर पॉइंटवर, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या सांध्यावर, चाक उडी मारतं.

शनिवारी सकाळी दहाला दारं उघडली. बाराच्या सुमारास एका आजोबांनी काठी टेकून वाकून पाहिलं आणि विचारलं, "काय हो, ही मीटरगेज काय? अरुंद दिसती." प्रश्न अगदी बरोबर होता. एचओचा, म्हणजे आमच्या १:८७ मापाचा, रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो. त्याला ८७ नं गुणलं तर १४३५ येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेचा गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ चा, त्याला १९.३ मिलिमीटरचा रूळ हवा, आणि तसा बाजारात तयार मिळत नाही. म्हणून भारतीय गाडीचं अंग मापात आणि पाय आखडलेले, असा प्रकार होतो. इकडचा मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ साली सुरू झाला तो मीटरगेजच होता, ब्रॉडगेज झाला १९७१ ला. आजोबांच्या डोळ्यांत तो जुना रूळ बसलेला असणार.

बाहेर भडंगाची गाडी लागली होती. एकच्या पुढे स्टेशनाजवळ इंजिनं अडखळायला लागली म्हणून खाली वाकून पाहिलं, तर रुळाच्या माथ्यावर बोटभर लांबीची पिवळसर तेलकट रेघ, तिला चिकटलेला लसणाचा तळलेला कण आणि त्यावरून चाकांनी ओढत नेलेला काळा पट्टा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्यानं दोन मिनिटांत निघालं. सँडपेपर मात्र कधी मारू नये. त्याचे ओरखडे राहतात आणि पुढची घाण त्यातच घर करते.

मग तीन वाजून दहा मिनिटांनी सगळ्या गाड्या एकदम थांबल्या.

पश्चिमेकडच्या लूपमधून डब्ल्यूएपी-७ इंजिन आणि आठ डबे बाहेर पडत होते. इंजिनाचं पहिलं चाक लूपच्या बाहेरच्या तोंडाशी आलं, ऑटो-रिव्हर्सरच्या रिलेनं टकटकटक असा सपाटा लावला आणि बूस्टर बसला. इंजिन उचललं की सगळं शांत, परत ठेवलं की टकटक.

लूपमध्ये मुळात अडचण अशी की रूळ वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळतो, तेव्हा लाल बाजू काळ्या बाजूला भिडते. म्हणून लूपचा मधला भाग दोन्ही तोंडांशी, दोन्ही रुळांत फट कापून वेगळा करतात आणि त्याची वीज रिव्हर्सरमधून देतात. गाडी तोंडाशी आली आणि बाजू जुळत नसली, की रिव्हर्सर क्षणात बाजू उलटवतो. गाडीला कळतही नाही.

पहिला संशय रिव्हर्सरच्या सेटिंगवर गेला. त्याचा ट्रिप होण्याचा प्रवाह बूस्टरच्या खाली असावा लागतो, नाहीतर बूस्टरच आधी बसतो. खाली घेतला, फरक नाही. "चाकाचं माप बघ रे," म्हणून माप पाहिलं, ठीक. दुसरं इंजिन एकटंच सोडलं, तिथेच अडकलं. उलटीकडून, म्हणजे बाहेर पडायच्या तोंडानं आत घातलं, तरी तिथेच. आत शिरायच्या तोंडानं मात्र कुठलंही इंजिन बिनबोभाट आत जात होतं. म्हणून आम्ही बाहेरच्या तोंडाशी खडी उकरली, पॉइंटच्या तारा सोडवल्या, एक डाख नव्यानं दिला. यात पाऊण तास गेला. ते तोंड निर्दोष होतं.

शेवटी, जे आधी करायला हवं होतं ते केलं. बूस्टर बंद, लूपमधली सगळी इंजिनं आणि दिवे असलेले डबे बाहेर (नाहीतर मीटर त्यांच्यातून खोटं वाचन दाखवतो) आणि रिव्हर्सरकडून लूपकडे जाणाऱ्या दोन्ही तारा सुट्या केल्या. आता लूपचा कुठलाच रूळ मुख्य तारेला लागायला नको; लागला तर मीटर बीप करतो. बाहेरचा रूळ आणि काळी तार: गप्प. आतला रूळ आणि दोन्ही तारा: गप्प. बाहेरचा रूळ आणि लाल तार: बीप.

आणि एवढ्यावरच जागाही सापडते. लूपचा बाहेरचा रूळ लाल रुळासमोर येतो तो फक्त आत शिरायच्या तोंडाशी. बाहेर पडायच्या तोंडाशी त्याच्यासमोर काळा असतो. म्हणजे ज्या तोंडाबद्दल कुणाची तक्रारच नव्हती, तिथली एक फट मिटली होती. रिव्हर्सर सरळ असेपर्यंत ती मिटलेली फट लाल-लाल जोडते, काही बिघडत नाही. गाडी दुसऱ्या तोंडाशी येऊन रिव्हर्सर उलटला, की तीच फट लाल-काळं एकत्र करते.

फट भिंगाखाली धरली तर रुळाची दोन टोकं एकमेकांना टेकलेली, मधे फक्त रंगाचा तडा. शेजारच्या रुळात केसभर जागा शिल्लक होती. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन नेमकं त्याच फळीवर पडत होतं. आमच्यातला एक जण फाउंड्रीत आहे, त्याच्या टेंपरेचर गननं रूळ ४९ अंश दाखवला. सकाळी २८ होता. निकेल सिल्व्हर (यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त) दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०१६ मिलिमीटर वाढतं. १.२ मीटर आणि २१ अंश, म्हणजे ०.४ मिलिमीटर. फट बारीक चकतीनं कापली होती, तीही ०.४ चीच. फळीच्या दोन्ही कडांना रूळ पितळी स्क्रूंच्या डोक्यांवर डाखलेले, म्हणजे वाढलेला रूळ सरकणार तर फटीतच. शुक्रवारी रात्री चाचणी घेतली तेव्हा सगळं पास झालं होतं, यात नवल नाही.

गर्दीत कापाकापी नको म्हणून खिडकीला ताडपत्री बांधली, ते लूप बंद ठेवलं आणि गाड्या स्टेशनापासून पूर्वेच्या लूपपर्यंत ये-जा करत ठेवल्या. उद्यमनगरातून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) आणवला. साडेपाचला ०.०५ ची पाती शिरली. साडेसहाला ०.१५. आठला ०.३० सहज.

रात्री दोन्ही लूपच्या आठही फटी पुन्हा कापल्या. रोटरी टूलची चकती उभी धरावी, एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, नाहीतर खालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळतात आणि रुळाची रुंदी बिघडते. भुसा लोहचुंबकानं निघत नाही, कारण हा धातू चुंबकाला चिकटतच नाही. ब्रश आणि व्हॅक्युम हवा, आणि शेजारचे पॉइंट आधी कागदानं झाकायचे. फटीत ०.५ मिलिमीटर स्टायरीन प्लास्टिकचा तुकडा, वर फेव्हिक्विकचा थेंब, वाळल्यावर सुईकानशीनं रुळाच्या आकारात घासून घ्यायचा. आतली कड विशेष पाहायची, चाकाची कड तिथेच आपटते. बोटाला ठेच लागली तर चाकालाही लागते.

पण नुसतं भरून भागत नाही. वाढणारा रूळ मग वळणावर बाहेर फुगतो. म्हणून त्याच फळीच्या सरळ भागात दोन्ही रुळांत आणखी एकेक फट ठेवली, तिच्यावर सरकता जोडपट्टा आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र फीडर. जोडपट्टा सरकवायला तीन-चार स्लीपरांच्या पकडी ब्लेडनं उडवाव्या लागतात. तिथे डाख द्यायचा मोह टाळायचा.

रविवारी मुद्दाम ताडपत्री काढली. सव्वातीनला त्या नव्या फटीत ०.१० ची पाती शिरत नव्हती आणि भरलेल्या फटीवरून आठ डबे रिलेच्या एका टकसरशी बाहेर पडले. सरळ मार्गाच्या १८ फळ्यांवर अशी सरकती फट अजून कुठेच नाही. जूनमध्ये प्लाय ओल धरून फुगायच्या आत ती कापायची आहे.