वासोट्याचा एक दिवस आणि काठावरचा दीड तास

वासोटा चढून माणूस जेवढा दमत नाही, तेवढा बामणोलीच्या काठावर उभा राहून दमतो. किल्ला कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत. म्हणून आधी परवानगी, मग शिवसागर जलाशयातून बोट, पलीकडे तपासणी आणि त्यानंतर जंगल. जंगलात मुक्कामाला बंदी. पावसाळ्यात किल्ला बंद असतो, साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडतो. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली पस्तीसेक किलोमीटर. इथवर कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते यादीपाशी. ग्रुपमधल्या प्रत्येकाची माहिती लिहून द्यायची, आणि नेमकं तिथेच 'अरे, तुझं वय काय?' सुरू होतं. दोघं अजून चहाच्या टपरीवर, एकाचं आधार फोनमध्ये आणि फोनला रेंज नाही. मागची रांग ताटकळते. दरवेळी हेच, आणि दरवेळी चूक आपल्यातल्याच कुणाची तरी. मी आता नाव, वय, पत्ता, मोबाईल नंबर अशी यादी आदल्या रात्रीच दोन प्रतींत काढतो, ओळखपत्रांच्या झेरॉक्स त्याच क्रमाने मागे टाचतो. ऐनवेळी गळालेल्यांची नावं खोडायला पेन खिशात. पैसे रोख न्या, सुट्टे न्या.

दुसरी गाठ बोटीची. भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. चौघंच असाल तर पूर्ण भाडं भरा, नाहीतर आणखी कोणी येईपर्यंत थांबा. अनोळखी ग्रुपबरोबर बोट वाटून घेतलीत, तर परतीची वेळ त्यांच्यातल्या सर्वांत सावकाश उतरणाऱ्याच्या हातात जाते. बोटीत पाय ठेवण्याआधीच 'चारला खाली' असं दोन्ही बाजूंनी ठरवून घ्या, नावाड्यासमोर.

आता गणित मांडा. साडेआठला काठावर पोहोचलात, कागद आणि बोट होईपर्यंत साडेनऊ. बोटीला सव्वा ते दीड तास, म्हणजे पलीकडे अकरा. चढाई दोन तास, माथ्यावर एक वाजला. अडीचला उतरायला लागलात तर चारला काठ, साडेपाचला बामणोली. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे हातात पाऊण तास. काठावर गेलेला प्रत्येक तास माथ्यावरच्या दीड तासातून कापला जातो, दुसरीकडून कुठून काढणार? म्हणून शनिवार-रविवार असेल तर मी बामणोलीतच मुक्काम करतो आणि उजाडताच रांगेत उभा राहतो. नागेश्वर, म्हणजे याच जंगलातलं गुहेतलं शंकराचं देऊळ, तेही त्याच दिवशी करायचं असेल, तर पहिल्या बोटीशिवाय त्याचं नाव काढू नका.

तिसरी गाठ पलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला. पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात, अनामत घेतात, परतताना तेवढंच दाखवायचं. नियम रास्त आहे. वेळ खातो तो आपला खाऊ: वेफर्स, बिस्किटं, चिक्की, प्रत्येकाचं वेगळं वेष्टण, आणि बारा सॅकांमधून एकेक निघतंय. घरीच सगळी वेष्टणं काढून खाऊ स्टीलच्या डब्यात भरा, पाणी धातूच्या बाटलीत. मग मोजायला फारसं उरतच नाही.

चढाईबद्दल थोडंच. सुरुवातीला ओढा आणि मारुती-गणपतीच्या मूर्ती, पुढे साधारण पाचशे मीटर उंचीचा सलग चढ, बराचसा सावलीतून. फाट्यावर एक वाट नागेश्वरला जाते, तिथे सगळे जमेपर्यंत थांबा. माथ्यावर जेवण मिळत नाही. पाणी माणशी तीन लिटर. ओढा मार्चपर्यंत आटत येतो, त्यावर विसंबू नका. बाबू कड्याच्या टोकाशी वारा असेल तर बसूनच पाहा.

खरी घसरण उतरताना होते. फेब्रुवारीनंतर वाटेवर घोटाभर सुका पाला साचतो, आणि खालचा दगड हलतो की पक्का आहे ते दिसत नाही. पाय आडवा टाका, टाच दाबा, मगच वजन द्या. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज इथे हमखास दगा देतात. गोचिडांसाठी पँट मोज्यात खोचा. गवे आणि अस्वलं या जंगलात आहेत, तेव्हा मोकळं अंतर न ठेवता एकत्र चाला, आणि स्पीकर घरी ठेवा.

हो, बोटीचं एक राहिलं. एप्रिल-मेमध्ये जलाशयाचं पाणी खूप खाली जातं. बोट लांबच थांबते, उरलेलं अंतर उन्हात तुडवावं लागतं. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा तास जास्तीचा धरा.

अनामतीची पावती आणि यादीची दुसरी प्रत सर्वांत आधी खाली उतरणाऱ्याकडे द्या. ती शेवटच्या माणसाच्या सॅकेत असली, की बाकीचे अकराजण पुन्हा काठावर उभे.